पाऊण तास

सेड्यूना सोडलं तेव्हा काचेवर दव होतं.
किल्ली माझ्या हातात. डेन्झिल डाव्या सीटवर,
दोन्ही हात मांडीवर ठेवून,
वर्गात नव्यानं आलेल्या मुलासारखा.
जानेवारीत तो यार्डात कोसळला, तेव्हापासून
त्याचं लायसन्स स्वयंपाकघरातल्या खणात आहे,
रबरबँड आणि संपलेल्या बॅटऱ्यांसोबत.

एकोणीस वर्षं त्यानं हा रस्ता हाकला,
मागं तीन-तीन ट्रेलर बांधून:
मेंढ्या, सिमेंट, एकदा तर अख्खं लाकडी घर.
आज मागं त्याच्या आईची कॅरव्हॅन आहे,
सायीच्या रंगाची, कपाटाचं दार न लागणारी.
शिवाय टॅम्सिन, रोवन आणि त्यांचं भांडण,
जे नंड्रूपर्यंत पुरलं.

"वारा डावीकडून येतोय," तो म्हणतो.
कळतंय मला.
"गिअर उतरव."
उतरवलाय.
मग तो खिडकीबाहेर बघतो,
आणि मला जाणवतं, या माणसानं
ही झुडपं बाजूनं कधी पाहिलीच नसतील,
नेहमी समोरूनच.

बाइटच्या कड्याशी जमीन अशी तुटते
की पावाचा काप उचलून नेलाय कुणी.
खाली देवमाशाची मादी, तिच्या पाठीवरून
घसरगुंडी खेळणारं पिल्लू.
"बाबा, तू हे एकदाही नाही पाहिलंस?"
"फाटा बारा किलोमीटर आत होता रे.
वेळेत बसायचं नाही."
तो कठड्याला धरून उभा राहिला.
चला, असं शेवटी मलाच म्हणावं लागलं.

सीमेपलीकडे फळं न्यायची नाहीत, मधही नाही.
चौकीच्या अलीकडे बाकावर बसून
आम्ही अकरा संत्री संपवली,
मध चमच्यानं, मग बोटानं.
चौकीतल्या बाईंनी रिकामी बरणीसुद्धा ठेवून घेतली
आणि रोवनच्या हनुवटीकडे बघून म्हणाल्या,
हे मात्र जाऊ दे.

पुढे पाटी: घड्याळ पाऊण तास मागं घ्या.
पाऊण! तास नाही, अर्धा नाही.
"म्हणजे फुकट मिळाला?" टॅम्सिननं विचारलं,
आणि तो कशात घालवायचा यावर मागं पुन्हा जुंपली.
"फुकट नाही," डेन्झिल म्हणाला,
"परत येताना काढून घेतात."

रस्त्यावर मध्येच पांढरे पट्टे.
उडत्या डॉक्टरांचं विमान इथंच उतरतं, डांबरावर.
त्यानं पट्टे संपेपर्यंत बोलणं थांबवलं
आणि खिशातली गोळ्यांची डबी चाचपली.

कैगुनानंतर एकशे सेहेचाळीस किलोमीटर
एक वळण नाही.
ओळंबा आडवा ठेवावा तसा रस्ता.
इथली रीत अशी, की समोरून कुणी आलं
तर स्टीअरिंगवरून एक बोट उचलायचं.
बस्स, तेवढंच.
मी जरा जास्तच उचलते, मुलं हसतात.

चारच्या सुमाराला लांबवर ठिपका दिसला.
दिव्यांच्या मांडणीवरून त्यानं ओळखलं:
"वॉरिक आहे."
वॉरिक आला, गेला, हवेचा धक्का बसून
कॅरव्हॅन शेपटीसारखी हलली;
मी चाक दोन्ही हातांनी आवळलं,
बोट उचलायचं राहून गेलं.
शेजारी पाहिलं तर
मांडीवरून त्याचं बोट वर आलेलं.
वॉरिकला दिसलं नसणार, आमच्या काचेवर ऊन होतं.
ते बोट बराच वेळ तसंच होतं.
मी आरशात बघत राहिले, आरशात काही नव्हतं.

रात्री थांब्यावर त्यानं चाकांमागं दगड लावले,
कॅरव्हॅनची पातळी पेल्यातल्या पाण्यानं तपासली.
मुलं झोपली, एक पाय एकमेकांच्या अंगावर.
"ब्रेक जरा लवकर लावतेस तू," तो म्हणाला.
हो, म्हटलं.
"चुकीचं नाही म्हणत मी."
किटली उकळायला लागली.
घड्याळं अजून कुणी बदलली नव्हती.